केसालाही धक्का

फ्लीटवुडला, ट्रामच्या शेवटच्या थांब्यापाशी माझं दुकान.
तीन खुर्च्या, दोन ड्रायर,
एकाची मान कायमची वाकडी.
टॅम्सिन हॅलिवेल मंगळवारी आली, लोकरी टोपी घालून,
आणि ती टोपी काढायला तिला पाऊण तास लागला.

कमरेपर्यंतची पोनीटेल होती तिची.
आता मानेवर बोटभर खुंट, तिरका,
डावीकडच्या चार बटा तेवढ्या वाचलेल्या.
मासे साफ करायच्या कात्रीनं.
झोपेत नाही, जागेपणी, मान धरून.

कर्क सेगर. दहा वर्षांचा होईपर्यंत
त्याचेही केस मीच कापायची.
डोक्यात दोन भोवरे, खुर्चीत अगदी शांत.

सार्जंट ओगुनलेये बाई दुकानातच आल्या, वही उघडली.
जखम आहे का, म्हणाल्या.
कायद्याची जखम म्हणजे
कातडीचे सगळे पदर फाटलेले हवेत.
आतल्या आत कितीही रक्त साकळो,
ती कायद्याला जखम दिसत नाही.
टॅम्सिननं मान दाखवली:
चार बोटांचे वळ, पिवळे पडत आलेले.
आणि केस? मी मध्येच विचारलं.

वाटलं, हसतील.
हसल्या नाहीत. पिशवी काढली.
पोनीटेल रबरबँडसकट पिशवीत गेली, पिशवीवर नंबर.
केस मेलेला असतो खरा, पण तो अंगातच धरतात, म्हणाल्या.
अठराशे एकसष्टचा कायदा, सत्तेचाळिसावं कलम,
प्रत्यक्ष शारीरिक इजा,
पाच वर्षांपर्यंत.

केसालाही धक्का लागला नाही,
असं म्हणून माणसं सुटकेचा श्वास टाकतात.
इथं धक्का केसालाच होता
आणि कुणीतरी तो वहीत लिहून घेत होतं.

त्याआधीचे फोनही सांग, मी टॅम्सिनला म्हटलं.
रात्री दोनला. बोलायचा नाही. नुसता श्वास.
बाईंनी तेही लिहिलं.
गप्प राहूनही हल्ला होतो, म्हणाल्या,
ऐकणाऱ्याला जर वाटलं
की आता, या क्षणी, तो दारात असेल.

त्या गेल्यावर फरशीकडे बघत बसले.
एकेचाळीस वर्षं या गावाचे केस कापतेय.
रोज संध्याकाळी केवढी प्रत्यक्ष इजा
झाडून सुपलीत भरते मी!
माझ्यात आणि कर्कमध्ये
एवढाच एक प्रश्न उभा:
किती कापू?

तोच टॅम्सिनला विचारला.
ती आरशात बघेना.
डावीकडच्या बटा उतरवल्याशिवाय सारखं होणार नव्हतं,
कात्री माझ्या बोटांत होती,
खरं तर दोन मिनिटांचं काम.
गप्प म्हणजे हो, असं मीही कितीदा धरलं असेल:
आयांनी दंडाला धरून आणलेली पोरं,
नवऱ्याला आवडतं म्हणून आखूड करून घेणाऱ्या
मिसेस क्रॅब्ट्री.
त्यांना मी कधी दुसऱ्यांदा विचारलं नाही.

कात्री निळ्या पाण्याच्या बरणीत परत ठेवली.
चहा केला. तिनं प्यायला नाही.

पुढच्या मंगळवारी आली. टोपी, चहा, ट्रामची घंटा.
त्याच्या पुढच्याही.
ब्लॅकपूलच्या कोर्टाची तारीख ऑक्टोबरात पडलीय,
तो कबूल होणार की नाही, कुणालाच माहीत नाही.
म्हणे त्याच्या आईनं दुकानासमोरून जाणं सोडलंय.

चौथ्या खेपेला टॅम्सिननं टोपी स्वतःच काढली,
हनुवटीशी हात आडवा धरला.
इथपर्यंत.

नक्की? मी म्हटलं.

ती आरशातून माझ्याकडे बघत राहिली.
मग म्हणाली, परत एकदा विचार.

मी परत एकदा विचारलं.